धागा एक, कोड अनेक

परदेशातून भरतकामाचा धागा मागवताय? मग रंगाच्या शेड नंबरइतकाच आणखी एक नंबर नीट समजून घ्या. तो चुकला तर नफ्याचा धागा तुटू शकतो.

भरतकामाच्या धाग्याची लडी हातात घेतली की आपल्या नजरेत भरतो तो तिचा रंग. राणी कोणता, गुलाबी कोणता, मोरपिशी जरा जास्तच गडद आहे का, यावर चर्चा रंगते. पण हीच लडी परदेशातून जहाजाने किंवा विमानाने भारतात उतरते, तेव्हा कस्टमच्या अधिकाऱ्याला रंगाशी फारसे देणेघेणे नसते. त्याचे प्रश्न वेगळे असतात. धागा कशाचा आहे? पीळ कोणत्या दिशेचा? लडी आहे, रीळ आहे की कोन? रिळासकट वजन किती ग्रॅम?

या प्रश्नांच्या उत्तरांवरून धाग्याला आठ आकडी कोड मिळतो आणि कर ठरतो तो त्या कोडवर. आज इंदूर-बडोद्यापासून बेळगाव-हैदराबादपर्यंत कितीतरी घरांतून आरी वर्कचे ब्लाउज, मशीन एम्ब्रॉयडरीचे कुर्ते, नाव काढलेली बाळाची दुपटी यांचा व्यवसाय चालतो. कुणी परदेशी धागा स्वतः मागवते, कुणी ओळखीच्या व्यापाऱ्यामार्फत घेते. लग्नसराईच्या ऑर्डरी घेऊन ठेवलेल्या असतात आणि धागा बंदरात अडकतो. कारण विचारले तर उत्तर येते, ‘क्लासिफिकेशनचा प्रश्न आहे.’ हा प्रश्न नेमका असतो तरी काय?

आधी खोबरेल तेलाची गोष्ट

खोबरेल तेलाची छोटी बाटली डोक्याला लावायची की फोडणीला वापरायची? हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता. खाद्यतेल मानले तर कर कमी, केसांचे तेल मानले तर जास्त. अनेक वर्षे चाललेल्या या वादावर डिसेंबर २०२४ मध्ये निकाल आला. शुद्ध खोबरेल तेल केवळ छोट्या बाटलीत भरले म्हणून केसांचे तेल होत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

वस्तू तीच, पण तिला काय म्हणायचे यावर कर बदलतो. यालाच वर्गीकरण म्हणतात. धाग्याच्या बाबतीत मात्र एक मोठा फरक आहे. इथे पॅकिंगच्या आकाराने खरोखरच कोड बदलतो, कारण कायद्यात तसे स्पष्ट लिहून ठेवले आहे.

आठ आकड्यांत दडलेले काय?

जगभरच्या वस्तूंना क्रमांक देणारी ‘हार्मोनाइज्ड सिस्टिम’ नावाची एक पद्धत आहे. तिला थोडक्यात एचएस म्हणतात. ब्रुसेल्समधील जागतिक सीमाशुल्क संघटना ती सांभाळते. १ जानेवारी १९८८ पासून ती लागू आहे आणि आज २०० हून अधिक देश व प्रदेश ती वापरतात. पहिले सहा आकडे सगळीकडे सारखेच असतात. भारताने त्यांना आणखी दोन आकडे जोडले आहेत. १९७५ च्या कस्टम्स टॅरिफ कायद्याच्या परिशिष्टात ही सगळी यादी आहे.

उदाहरणार्थ, ५२०७ १० ०० हा कोड घ्या. ५२ म्हणजे कापसाचे प्रकरण. ५२०७ म्हणजे शिवणाचा दोरा सोडून किरकोळ विक्रीसाठी तयार केलेले सुती सूत. पुढचे १० सांगतात की त्यात वजनाने ८५ टक्के किंवा अधिक कापूस आहे. आपली नेहमीची सहा पदरी सुती लडी साधारणपणे इथे येते.

कापडचोपड आणि धागादोरा यांची प्रकरणे ५० ते ६३ अशी आहेत. गंमत म्हणजे चार आकडी शीर्षकांच्या यादीत ‘एम्ब्रॉयडरी थ्रेड’ असे शीर्षकच नाही. पुढच्या उपओळींत कुठे ‘एम्ब्रॉयडरी’ शब्द दिसला, तरी तिथे उडी मारून चालत नाही. नियम असा, की आधी वस्तू चार आकडी शीर्षकात बसली पाहिजे, मगच आतली ओळ शोधायची. अनेकांची पहिली चूक इथेच होते. नाव जुळले म्हणून कोड टाकला जातो.

पहिला प्रश्न : धागा कशाचा?

रेशमी सूत ५० व्या प्रकरणात, सुती ५२ व्या, पॉलिस्टर किंवा रेयॉनचे अखंड तंतू ५४ व्या, तर त्यांच्याच आखूड तंतूंपासून कातलेले सूत ५५ व्या प्रकरणात येते. मिश्र धागा असेल तर वजनाने ज्याचे प्रमाण सर्वांत जास्त, तो पदार्थ धरायचा. दोन्ही अगदी समसमान असतील तर यादीत जो शेवटी येतो, तो.

बाजारात ‘सिल्क थ्रेड’ म्हणून मिळणारा चमकदार धागा बऱ्याचदा रेशमाचा नसतोच. तो रेयॉन किंवा पॉलिस्टर असतो. घरच्या घरी अंदाज घ्यायचा तर धाग्याचा छोटा तुकडा चिमट्यात धरून सांभाळून जाळून पाहा. सुती आणि रेयॉन कागदासारखे जळतात व मऊ राख उरते. पॉलिस्टर वितळते आणि त्याचा कडक मणी होतो. अस्सल रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो. अर्थात हा फक्त अंदाज. कस्टमला शंका आली तर नमुना प्रयोगशाळेत जातो आणि तिथला अहवाल ग्राह्य धरला जातो. म्हणून विक्रेत्याच्या बिलावर ‘सिल्क’ असे मोघम न लिहिता ‘१०० टक्के व्हिस्कोस रेयॉन, अखंड तंतू’ असे स्पष्ट लिहून घेणे केव्हाही चांगले.

दुसरा प्रश्न : हा शिवणाचा दोरा आहे का?

तुम्ही म्हणाल, भरतकामाचा धागा आणि शिवणाचा दोरा यांत घोळ होईलच कसा? पण टॅरिफला तुमचा हेतू ठाऊक नसतो. त्याने ‘शिवणाचा दोरा’ या शब्दाची व्याख्या केली आहे. वस्त्र विभागाच्या पाचव्या टिपेनुसार त्यासाठी तीन अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात आणि धागा दोन किंवा अधिक पदरांचा असावा लागतो.

पहिली अट, धागा रीळ किंवा नळीसारख्या आधारावर गुंडाळलेला हवा आणि आधारासकट वजन १००० ग्रॅमपेक्षा जास्त नसावे. दुसरी अट, त्यावर शिवणाच्या दोऱ्यासाठीचे फिनिशिंग केलेले हवे. म्हणजे सुईतून सुळकन जावा, घर्षणाने तापून तुटू नये, यासाठी सिलिकॉन, मेण किंवा स्टार्चसारखा लेप. तिसरी अट, शेवटचा पीळ ‘झेड’ दिशेचा हवा.

हा ‘झेड’ पीळ ओळखणे सोपे आहे. धागा उभा ताणून धरा आणि भिंगातून किंवा मोबाइलचा कॅमेरा झूम करून पाहा. पिळाच्या तिरक्या रेषा इंग्रजी झेड अक्षराच्या मधल्या दांडीसारख्या, म्हणजे खाली डावीकडून वर उजवीकडे जात असतील तर तो झेड पीळ. उलट दिशेने जात असतील तर एस पीळ.

तिन्ही अटी पूर्ण झाल्या तर सुती धागा ५२०४ मध्ये, अखंड मानवनिर्मित तंतूंचा ५४०१ मध्ये आणि आखूड तंतूंचा ५५०८ मध्ये जातो. मग तुम्ही त्याने गुलाब काढा नाहीतर परकराला दुमड घाला, टॅरिफच्या दृष्टीने तो शिवणाचा दोराच. एक जरी अट राहिली, तर तो शिवणाचा दोरा नाही. हाताच्या भरतकामाची लडी आधारावर गुंडाळलेलीच नसते. त्यामुळे ती पहिल्याच अटीत बाद होते.

तिसरा प्रश्न : दुकानासाठी की कारखान्यासाठी?

शिवणाचा दोरा नसलेल्या धाग्याला पुढचा प्रश्न विचारला जातो. तो किरकोळ विक्रीसाठी तयार केलेला आहे का? इथे ग्रॅमचा हिशोब येतो. कार्ड, रीळ किंवा नळीवरचा रेशमी अथवा मानवनिर्मित अखंड तंतूंचा धागा आधारासकट ८५ ग्रॅमपर्यंत असेल, तर तो किरकोळ विक्रीचा. सुती व इतर धाग्यांसाठी ही मर्यादा १२५ ग्रॅम आहे. गुंड्या आणि लड्यांसाठी धाग्याच्या जाडीनुसार मर्यादा बदलते. पण हाताच्या भरतकामाची आठ मीटरची लडी काही ग्रॅमचीच असते, त्यामुळे ती मर्यादेच्या कितीतरी आत राहते.

आता एक उदाहरण पाहू. मशीन एम्ब्रॉयडरीचा पॉलिस्टर धागा बऱ्याचदा १२० डेनियरच्या दोन पदरांचा असतो, म्हणजे एकूण २४० डेनियर. डेनियर म्हणजे ९००० मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन. म्हणजे या धाग्याचे ९००० मीटर भरतील २४० ग्रॅम. या हिशोबाने १००० मीटरच्या छोट्या रिळात सुमारे २७ ग्रॅम धागा असेल आणि ५००० मीटरच्या मोठ्या कोनवर सुमारे १३३ ग्रॅम.

एकाच कारखान्यातला, एकाच रंगाचा, एकाच दिवशी तयार झालेला हा धागा आहे असे समजा. त्याला शिवणाच्या दोऱ्याचे फिनिशिंग नसेल किंवा पीळ एस दिशेचा असेल, तर छोटे रीळ जाईल ५४०६ मध्ये, म्हणजे किरकोळ विक्रीचे सूत. मोठा कोन जाईल ५४०२ मध्ये, म्हणजे किरकोळ विक्रीचे नसलेले सिंथेटिक सूत. आणि शिवणाच्या दोऱ्याच्या तिन्ही अटी पूर्ण होत असतील तर दोन्ही जातील ५४०१ मध्ये. धागा एक आणि शक्यता तीन!

वजनाच्या नियमालाही अपवाद आहेत. ज्या स्वरूपावरूनच कळते की हा माल कारखान्यासाठी आहे, त्याला वजन कमी असले तरी किरकोळ विक्रीचा मानत नाहीत. उदाहरणार्थ, शंकूच्या आकाराचे बॉबिन किंवा एम्ब्रॉयडरीच्या यंत्रांसाठी कोशाच्या आकारात गुंडाळलेले सूत. कोश गुंडाळीचा तर टिपेत नाव घेऊन उल्लेख आहे.

हे सगळे कुणाला त्रास द्यायला केलेले नाही. दुकानातून थेट घरात जाणारी तयार वस्तू वेगळी आणि कारखान्यात कच्चा माल म्हणून जाणारे सूत वेगळे, हा यामागचा विचार. प्रत्येक देशाला आपल्या सूतगिरण्या, दोरा बनवणारे कारखाने आणि ग्राहक यांचा तोल सांभाळायचा असतो. घरातून व्यवसाय करणारी व्यक्ती नेमकी या दोन्हींच्या मध्ये उभी असते. ती ग्राहकही असते आणि छोटा कारखानाही. म्हणून तिची ओढाताण जास्त होते.

जरीची वेगळी वाट

पैठणीचा पदर असो, लखनऊची जरदोजी असो किंवा लेहेंग्यावरचे चमकते काम, त्यात धातूची झळाळी असलेला धागा येतो. त्याचे शीर्षक ५६०५ आहे. सुतावर धातूची तार किंवा पट्टी असो, नाहीतर धातूचा थर दिलेली प्लास्टिकची पट्टी, धातूचे प्रमाण कितीही कमी असले तरी तो ‘मेटलाइज्ड यार्न’ ठरतो. म्हणजे पॉलिस्टरच्या धाग्याभोवती बारीक चमकदार पट्टी असेल, तर तो ५४ व्या प्रकरणात राहत नाही. अनेक जण हा धागा साध्या पॉलिस्टर धाग्याबरोबर एकाच ओळीत दाखवतात आणि अडचणीत येतात.

भारताच्या यादीत अस्सल सोन्या-चांदीची जर आणि नकली जर यांच्या ओळी वेगवेगळ्या आहेत. हा फरक किती महागात पडू शकतो, ते जीएसटीच्या वेळी दिसले. बाजारात कसब, जर, बादला अशा नाना नावांनी चालणाऱ्या नकली जरीवर किती कर, यावर गोंधळ होता. अखेर जुलै २०२३ मध्ये जीएसटी परिषदेच्या ५० व्या बैठकीत ठरले, की व्यापारात कोणतेही नाव असले तरी नकली जरीच्या धाग्यावर १२ ऐवजी ५ टक्के कर लागेल. मागच्या काळातले वादही मिटवण्याचा निर्णय झाला.

किट मागवले तर?

हल्ली कापड, रंगीत धागे, सुई आणि नक्षीचा कागद एकत्र असलेली क्रॉस स्टिचची किट लोकप्रिय आहेत. त्यांचा प्रत्येक धागा वेगळा मोजत बसावे लागत नाही. विणलेले कापड आणि सूत यांचा असा संच किरकोळ विक्रीच्या पॅकिंगमध्ये असेल, तर त्याला ६३०८ हे स्वतंत्र शीर्षक आहे. पण संचात विणलेले कापड हवे. फक्त २४ रंगांच्या लड्यांचा डबा म्हणजे हे किट नव्हे.

आणि घरच्या हौसेसाठी एखादेच पार्सल मागवले तर? वैयक्तिक वापरासाठी पोस्टाने किंवा विमानाने आलेल्या करपात्र वस्तूंसाठी ९८०४ हे वेगळे शीर्षक आहे. तिथे धाग्याचा पीळ तपासण्याची वेळ येत नाही. मात्र त्या धाग्याने ब्लाउज भरून विकणार असाल, तर तो वैयक्तिक वापर राहत नाही.

‘गिफ्ट म्हणून पाठवते, म्हणजे कर लागणार नाही,’ असे परदेशातली मैत्रीण म्हणाली तर तिला आधीच थांबवा. डिसेंबर २०१९ मध्ये सरकारने पोस्ट आणि कुरिअरने ‘भेटवस्तू’ म्हणून कर न भरता येणाऱ्या पार्सलांवर बंदी घातली. सवलत ठेवली ती जीवरक्षक औषधांना आणि राखीला. राखीच्या नाजूक धाग्याला कायद्यानेही मान दिला, पण राखीसोबतच्या भेटवस्तूंना नाही.

पैशांचा हिशोब

आयातीवर साधारणपणे तीन गोष्टी लागतात. मूळ सीमाशुल्क, त्या शुल्कावर सहसा १० टक्के समाजकल्याण अधिभार आणि या सगळ्यांच्या बेरजेवर आयजीएसटी. समजा माल १,००,००० रुपयांचा आहे, मूळ शुल्क १० टक्के आणि आयजीएसटी ५ टक्के आहे. मग शुल्क १०,०००, अधिभार १,००० आणि १,११,००० वर आयजीएसटी ५,५५०. एकूण १६,५५० रुपये. हे दर फक्त समजण्यासाठी घेतले आहेत. खरे दर अर्थसंकल्पात आणि अधिसूचनांनी बदलत असतात, त्यामुळे मागवण्याच्या दिवशीचा दर पाहा.

जीएसटी नोंदणी असेल तर आयजीएसटीची रक्कम तुम्हाला क्रेडिट म्हणून वापरता येते. सीमाशुल्क आणि अधिभार मात्र खर्चातच जातात. दिलासा देणारी गोष्ट अशी, की पूर्वी सुती धाग्यावर ५ आणि मानवनिर्मित धाग्यावर १२ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून मानवनिर्मित सूत आणि शिवणाचा दोराही ५ टक्क्यांवर आले. त्यामुळे वर्गीकरणाचा एक मोठा वाद सौम्य झाला. तरी कोडचे महत्त्व संपलेले नाही. मुक्त व्यापार करारातली सवलत मिळणार का, एखादे प्रमाणपत्र लागणार का, हेही कोडवरूनच ठरते.

चूक झाली तर?

२०११ पासून आयातदाराने स्वतःच कर ठरवून भरायचा, अशी पद्धत आहे. म्हणजे बिल ऑफ एन्ट्रीवरचा कोड एजंटने टाकला, तरी जबाबदारी तुमची. तपासणी आता ‘फेसलेस’ आहे. माल न्हावा शेवाला उतरला, तरी कागद दुसऱ्याच शहरातला अधिकारी तपासू शकतो. त्याच्यासमोर तुमचा धागा नसतो, फक्त तुम्ही लिहिलेले वर्णन असते.

कर कमी भरला गेला असे नंतर लक्षात आले, तर साधारणपणे दोन वर्षांपर्यंत आणि जाणूनबुजून लपवले असेल तर पाच वर्षांपर्यंत नोटीस येऊ शकते. वर व्याज, आणि लबाडी असेल तर जबर दंड. दुसरीकडे, अधिकाऱ्याने तुमचा कोड बदलला आणि तुम्हाला ते मान्य नसेल, तर कारणांसह लेखी आदेश मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. त्याविरुद्ध ६० दिवसांत आयुक्त (अपील) यांच्याकडे जाता येते. वस्तू आपण म्हणतो त्याच कोडमध्ये बसते हे सिद्ध करण्याची जबाबदारी करखात्याची आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने हिंदुस्थान फेरोडो प्रकरणात सांगितले आहे.

माल अडकला आणि वाद लगेच मिटणारा नसेल, तर बंधपत्र देऊन तात्पुरत्या आकारणीवर तो सोडवून घेता येतो. लग्नसराईच्या दिवसांत हा मार्ग ठाऊक असणे फार मोलाचे. आपलीच चूक नंतर कळली, तर ती स्वतःहून दुरुस्त करण्याची तरतूदही २०२५ च्या वित्त कायद्याने केली आहे.

मागवण्यापूर्वी एवढे करा

* व्यवसायासाठी आयात करायची तर परकीय व्यापार महासंचालनालयाकडून आयईसी क्रमांक घ्या. तो ऑनलाइन मिळतो आणि दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्याची माहिती अद्ययावत करावी लागते.

* विक्रेत्याकडून पाच गोष्टी लेखी घ्या : तंतूचा प्रकार व टक्केवारी, पदर आणि जाडी, शेवटचा पीळ, फिनिशिंग, रिळासकट वजन.

* विक्रेत्याने दिलेला कोड डोळे मिटून वापरू नका. पहिले सहा आकडे जुळू शकतात, पुढचे भारताचे स्वतःचे आहेत.

* साधा, जरीचा आणि लडीचा धागा एकाच पार्सलमध्ये असला तरी बिलावर तीन वेगळ्या ओळी हव्यात.

* प्रत्येक प्रकारचे एक रीळ किंवा लडी लेबलासकट जपून ठेवा. दोन वर्षांनी प्रश्न आला तर हाच तुमचा पुरावा.

* पुन्हा पुन्हा तोच धागा मोठ्या प्रमाणात मागवणार असाल, तर दिल्ली किंवा मुंबईच्या कस्टम्स अग्रिम निर्णय प्राधिकरणाकडे आधीच विचारणा करा. त्यांचा निर्णय तुम्हाला आणि कस्टमलाही बांधील असतो.

पहिल्यांदाच मागवत असाल तर थोडा माल मागवा आणि अनुभवी कस्टम ब्रोकरला कोड टाकण्यापूर्वी प्रत्यक्ष धागा दाखवा. फोटो पुरेसा नाही, कारण पीळ आणि वजन फोटोत दिसत नाहीत. ऑर्डर घेताना ग्राहकाला तारीखही माल हातात आल्यानंतरचीच द्या. भरतकामात टाका घालण्याआधी आपण कापड ताणून, नक्षी छापून, धागा मोजून घेतो. परदेशातून धागा मागवतानाही ऑर्डर देण्याआधीचा तासभर त्याच कामासाठी ठेवा.